२४० मिमीच्या रेडिएटरसाठी घरच्या घरी श्राउड: अंतर, फटी आणि स्क्रूची लांबी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाण्याने थंड होणाऱ्या संगणकातला २४० मिमीचा, पातळ (२७ मिमी) रेडिएटर, त्यावर १२० मिमीचे दोन पंखे. पंखे रेडिएटरमधून हवा ओढून घेतील असे लावलेत. वेग मिनिटाला १,२०० फेऱ्यांच्या वर गेला की घुमल्यासारखा आवाज येतो. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये घरी केलेला श्राउड (दोघांत मोकळी पोकळी ठेवणारी पेटी) बसवला तर आवाज आणि तापमान दोन्ही उतरतील का? तो किती खोल हवा आणि कशाचा करावा? शिवाय जोडप्रश्न: दोन पंख्यांऐवजी एकच २०० मिमीचा मोठा पंखा लावता येईल का?

आवाज बहुतेक उतरेल. तापमानात पाण्याला एक-दोन अंशांचा फरक पडला तर काम नीट झालं असं समजा, त्याहून जास्तीची आशा ठेवू नका. आणि हा एक-दोन अंशांचा फायदा कडेच्या फटींतून सहज वाया जातो. म्हणून श्राउड किती देखणा आहे किंवा कशाचा आहे यापेक्षा तो हवाबंद बसलाय की नाही, हेच खरं काम आहे.

आधी श्राउड नेमकं काय करतो ते बघू. १२० मिमीच्या पंख्याच्या वाट्याला रेडिएटरचा १२० × १२० मिमीचा, म्हणजे १४,४०० चौरस मिमीचा चौकोन येतो. पंख्याचं तोंड गोल, साधारण ११६ मिमी व्यासाचं. त्याच्या मधोमध मोटरचा हब, साधारण ४२ मिमीचा. हब आणि चार कोपरे वजा केले तर पाती ज्या भागावरून फिरतात तो भाग सुमारे ९,२०० चौरस मिमी भरतो. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त जाळी पात्यांच्या थेट समोर येतच नाही. पंखा रेडिएटरला चिकटून असेल तर हवेला पसरायला जागा मिळत नाही, कारण जाळीच्या पट्ट्यांमधून शिरल्यावर हवा आडवी सरकू शकत नाही. मध्ये मोकळी पोकळी ठेवली की दाब सगळीकडे सारखा व्हायला वाव मिळतो आणि हबमागची आणि कोपऱ्यांतली जाळी कामाला लागते.

हवा ओढणाऱ्या मांडणीत मुख्य फायदा आवाजाचा असतो. पंख्याच्या मागच्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या असतात, त्यामुळे तिकडे पात्यांना काही मिलिमीटर अंतर आपोआप मिळतं. पुढच्या, हवा घेणाऱ्या बाजूला पाती जवळपास चौकटीच्या काठापर्यंत आलेली असतात. ही बाजू रेडिएटरला टेकवली की पाती जाळीपासून आणि पत्र्याच्या कडांपासून अगदी थोड्या अंतरावरून फिरतात. विस्कटलेल्या हवेत पातं शिरलं की प्रत्येक फेरीला ठरावीक ठोका बसतो, आणि त्याचाच तो घुमणारा सूर होतो. हे अंतर १० मिमीपर्यंत वाढवलं तरी कानाला फरक कळतो. २५ मिमीला बहुतेक काम होतं, ४० मिमीच्या पुढे जागा घालवण्यापलीकडे काही मिळत नाही. १२० मिमीच्या पंख्याला २५ मिमी हा आकडा धरून चला. त्याच मापाचे पितळी स्पेसर (अंतर राखणारे छोटे खांब) बाजारात सहज मिळतात, हा वरचा फायदा.

फटींचं गणित करून बघितलं की गांभीर्य कळतं. १ सीएफएम (मिनिटाला एक घनफूट) हवा १ अंशाने तापायला सुमारे ०.५७ वॅट लागतात. समजा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून २५० वॅट उष्णता पाण्यात टाकतात आणि दोन पंखे जाळीतून प्रत्यक्षात ६० सीएफएम हवा नेतात. (खोक्यावरचा आकडा याच्या दुप्पट असू शकतो, पण तो समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो.) मग बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा ७.३ अंश गरम असेल. आता यातली २० टक्के हवा जाळी टाळून कडेच्या फटीतून आली, तर जाळीतून ४८ सीएफएमच जाते आणि तोच फरक ९.१ अंशांवर पोचतो. पाणीही तेवढ्याच्या आसपास वर सरकतं. श्राउडने जे कमवायचं तेवढंच फटीने गमावलं. घरी केलेले श्राउड फुकट जातात ते बहुतेक इथे.

काही कापण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, पाण्याचं तापमान. पूर्ण भारावर पाणी खोलीपेक्षा ८-१० अंशच जास्त असेल आणि तरी प्रोसेसर ९० दाखवत असेल, तर रेडिएटरचा दोष नाही. ब्लॉकची (प्रोसेसरवर बसणाऱ्या, पाणी खेळणाऱ्या ठोकळ्याची) बसणी, थर्मल पेस्ट किंवा पंप बघा, श्राउड तिथे काही करू शकत नाही. दुसरी, जागा. २७ मिमी रेडिएटर, २९ मिमी श्राउड (२५ मिमी पोकळी, वर प्लेट आणि गॅस्केट) आणि २५ मिमी पंखा मिळून ८१ मिमी होतात. बऱ्याच कॅबिनेटच्या छताखाली मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंत ५५-६० मिमीच मोकळे असतात, आणि उंच रॅम किंवा प्रोसेसरच्या पॉवरजवळचा हीटसिंक आडवा येतो. पुढच्या बाजूला सहसा जागा मिळते, फक्त ग्राफिक्स कार्डची लांबी मोजून घ्या. तुमच्या रेडिएटरची जाळी मुळातच पत्र्याच्या काठापेक्षा ७-८ मिमी आत बसलेली असेल, तर थोडा श्राउड आधीच मिळालेला आहे. अशा रेडिएटरवर फरक कमी दिसेल.

आता बनवण्याकडे. ३ मिमी ॲक्रिलिकचा, एका बाजूला भोकांची प्लेट आणि खाली भिंती अशी रचना सांगतो, कारण तिची मापं नीट जुळतात. सामान: २४० × १२० मिमीची एक प्लेट, २४० × २३.५ मिमीच्या दोन लांब पट्ट्या, ११४ × २३.५ मिमीच्या तीन आखूड पट्ट्या (दोन टोकांना, एक मधला पडदा). एम३ मापाचे २५ मिमी उंचीचे आठ पितळी षटकोनी स्पेसर, ज्यांचे आटे एका टोकाला बाहेर आणि दुसऱ्या टोकाला आत असतात. एम३ × ३५ मिमीचे आठ स्क्रू आणि मूठभर वॉशर. ३ मिमी जाड, ६ मिमी रुंद चिकट फोम टेप एक मीटर. २ मिमी ईव्हीए फोमची एक ए४ शीट, ही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

प्लेटवर आखणी करताना लांबीच्या दिशेने ७.५, ११२.५, १२७.५ आणि २३२.५ मिमीवर, आणि रुंदीच्या दिशेने ७.५ आणि ११२.५ मिमीवर खुणा करा. १२० मिमीच्या पंख्याच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, त्यावरून हे आकडे येतात. मोठ्या दोन गोलांचे मध्यबिंदू ६० आणि १८० मिमीवर, व्यास ११४ मिमी. या मापाचा होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) मिळतो. पण ही मापं डोळे झाकून घेऊ नका. दोन पंख्यांच्या शेजारच्या भोकांमधलं अंतर बहुतेक रेडिएटरवर १५ मिमी असलं तरी काहींवर जास्त असतं. जाळी २४० मिमीच्या बाहेर दोन्हीकडे थोडी निघत असेल तर पेटी तेवढी लांब करा, नाहीतर उघड्या राहिलेल्या जाळीचा काही उपयोग होणार नाही. सगळ्यात सोपं म्हणजे रेडिएटरवर कागद ठेवून भोकांच्या जागा पेन्सिलीने घासून उमटवणं आणि तोच कागद प्लेटवर चिकटवणं.

स्क्रूची भोकं ३.५ मिमीची करा. ॲक्रिलिक ड्रिल करताना खाली लाकडाची फळी, वर कागदी टेप, वेग कमी आणि शेवटच्या मिलिमीटरला जोर अगदी हलका. पलीकडे बाहेर पडताना ड्रिल बिट ॲक्रिलिकला खेचतं आणि तिथेच तडा जातो. लेझरने कापून घेतलं तर काम सुबक होतं. मात्र लेझरने कापलेल्या कडा ताणलेल्या असतात. त्यांना ॲक्रिलिक जोडणारं क्लोरोफॉर्मसारखं द्रावक लावलं की बारीक तडे उमटू शकतात, म्हणून आधी कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. जोडणी सिरिंजने करा: भाग कोरडे एकमेकांना टेकवून धरायचे आणि सांध्याच्या आतल्या बाजूने थेंब सोडायचे, द्रव आपोआप सांध्यात ओढला जातो. हे काम गच्चीत किंवा गॅलरीत, उघड्या हवेत करा. ती वाफ बंद खोलीत घेण्यासारखी नाही.

भिंती प्लेटच्या कडेशी बरोबर लावल्या की ० ते ३ मिमी जागा भिंतीची, आणि ७.५ मिमीवर मध्य असलेला ५ मिमी रुंद स्पेसर ५ ते १० मिमीच्या पट्ट्यात आरामात बसतो. भिंत ५ मिमी जाडीची घेतली तर स्पेसर तिला घासतो आणि कोपरे खरवडावे लागतात. पातळ भिंत निवडण्यामागे एवढंच कारण आहे.

मधला पडदा गाळू नका. दोन पंखे एकाच पोकळीत उघडले आणि एक बंद पडला किंवा हळू फिरू लागला, तर चालू पंख्याला जाळीतून हवा ओढण्यापेक्षा बंद पंख्यातून उलटी ओढणं सोपं जातं. पंखे वेगवेगळ्या वेगाने फिरत असतील तरी तेच, फक्त कमी प्रमाणात. ११४ मिमीची एक पट्टी लावून हा त्रास मिटतो.

आता स्क्रूबद्दल, कारण इथे चूक झाली तर रेडिएटरच जातो. स्पेसरचा बाहेरचा आटा बहुधा ६ मिमीचा असतो. काही रेडिएटरमध्ये भोकाखाली संरक्षक पत्रा असतो, बऱ्याच स्वस्त रेडिएटरमध्ये नसतो, आणि खाली थेट जाळी आणि पाण्याची चपटी नळी असते. नळीचा पत्रा इतका पातळ असतो की स्क्रूचं टोक टेकल्यावर अर्धी फेरी जास्त पुरते. भोकात टूथपिक उभी घाला, टेकेपर्यंत ढकला, खूण करून मोजा. ५ मिमी आलं तर आत फक्त ४ मिमी जायला हवं. राहिलेली लांबी वॉशर घालून भरा किंवा आटा कापून कानशीने घासा. आठही भोकं मोजा, कारण खोली सगळीकडे सारखी असेलच असं नाही. आणि स्पेसर हातानेच फिरवा. मध्येच जड लागलं तर थांबा, पाना घेऊ नका.

आटा कोणता तेही बघून घ्या. सुटे रेडिएटर बहुधा एम३ किंवा एम४ चे असतात, कारखान्यातूनच पाणी भरून येणाऱ्या बंद कूलरचे बरेच रेडिएटर ६-३२ या इंची मापाचे. एम३ त्यात सैल हलतो, एम४ जबरदस्तीने घातला की आटे कापले जातात. ६-३२ चे २५ मिमी स्पेसर किंवा ५५-६० मिमीचे स्क्रू आपल्याकडे शोधावे लागतात, पण कॅबिनेटसोबत येणारे आखूड स्क्रू बहुतांशी ६-३२ चेच असतात. अशा रेडिएटरसाठी प्लेट-भिंतींचा खटाटोप सोडा आणि जुना पंखा पोकळ करा.

खरं तर एम३ वाल्यांनाही हीच वाट सगळ्यात स्वस्त आणि अचूक. बंद पडलेला १२० × २५ मिमीचा पंखा घ्या. मागचं स्टिकर काढा, खालचा रबरी बूच असेल तर तो उचका, दांड्यावरची बारीक कडी सुईने सोडवा आणि पाती बाहेर ओढा. मोटर धरणाऱ्या दांड्या चौकटीलगत निपरने कापा, उरलेले खुंट कानशीने सपाट करा. आतलं तोंड गोल राहतं, म्हणजे कोपऱ्यांतली जाळी तितकीशी कामाला लागत नाही, पण हबमागची पोकळी आणि पात्यांचं अंतर दोन्ही मिळतं. ज्या चौकटीच्या कोपऱ्यांत वरचे आणि खालचे कान (स्क्रूच्या भोकाचे भाग) सुटे असतात तीच निवडा. खालचा कान आखूड ६-३२ स्क्रूने रेडिएटरला बसतो, वरच्या कानात नट-बोल्टने किंवा नायलॉन टायने चालू पंखा धरता येतो, आणि लांब स्क्रूची गरजच राहत नाही. कोपरे भरीव असतील तर मात्र लांब स्क्रूवाचून इलाज नाही.

बांधणीचा क्रम: आधी रेडिएटरच्या काठावर फोम टेप, सभोवार आणि मधल्या पडद्याच्या रेषेवर. कोपऱ्यात टेप वळवू नका, तुकडे कापून कडेला कड भिडवा, कारण वळवलेल्या टेपला घडी पडते आणि घडीशेजारी फट राहते. मग स्पेसर. त्यावर पेटी ठेवा. ३ मिमी फोम दबून दीड मिमी होईल या हिशेबाने भिंती २३.५ मिमीच्या घेतल्यात, त्यामुळे दाबल्यावर प्लेट बरोबर २५ मिमीच्या स्पेसरवर टेकते. पेटी हाताने दाबूनही प्लेट स्पेसरला भिडत नसेल तर फोम कडक आहे, पातळ घ्या. न दाबताच भिडत असेल तर फोम दबतच नाहीये, म्हणजे तिथून हवा जाणार. प्लेटवर ईव्हीए शीटमधून कापलेला गॅस्केट (फट बुजवणारा थर), मग पंखा, मग स्क्रू: २५ पंखा, १ दबलेला ईव्हीए, ३ प्लेट, उरलेले ६ मिमी स्पेसरच्या आट्यात. स्क्रू आडवे-तिडवे, अर्ध्या-अर्ध्या फेरीने आवळा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की ॲक्रिलिक तिथूनच फुटतं.

फोमऐवजी सिलिकॉन लावायची घाई करू नका. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि ते तांब्या-पितळेला चांगलं नाही. लावायचंच तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. तरी पुढे उघडताना रेडिएटरवरून ते खरवडत बसावं लागेल.

सामानाच्या इतर पर्यायांबद्दल. बोर्ड रंगवणाऱ्यांकडे मिळणारा ३ मिमीचा सनबोर्ड (पीव्हीसीचा फोम बोर्ड) कटरने कापता येतो, फेविक्विकने चिकटतो आणि चालतो. तो लेझरवर मात्र कधीच देऊ नका: पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, माणसालाही घातक आणि यंत्रालाही. थ्रीडी प्रिंटिंग करणार असाल तर पीएलएपेक्षा पीईटीजी हे प्लास्टिक घ्या. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. चालू संगणकात श्राउड इतका तापत नाही, पण विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असताना आणि स्क्रूचा ताण सतत असताना हळूहळू वाकण्याची शक्यता राहते. घरगुती प्रिंटरचा पाट बहुधा २२० मिमीचा असतो, त्यामुळे १२० मिमीचे दोन वेगळे ठोकळे छापा. मधला पडदा त्यात आपोआप येतो. पत्रा वापरायचा तर कापणी संगणकापासून दूर करा, पत्र्याची एक बारीक कीस मदरबोर्डवर शॉर्टसर्किटला पुरेशी असते.

काही ठरत नसेल तर आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचा श्राउड करून पॅकिंग टेपने चिकटवा आणि एक-दोन दिवस चालवून बघा. दिसायला दळभद्री, पण आवाजातला फरक लगेच कळतो आणि रॅमला काय अडतं तेही कळतं. कोकणात पावसाळ्यात मात्र पुठ्ठा महिनाभरात ढिला पडेल.

२०० मिमीच्या पंख्याबद्दल: नको. तो २४० × १२० च्या तोंडाला रुंदीत दोन्हीकडून ४० मिमी बाहेर येतो, लांबीत कमी पडतो, आणि असले मोठे पंखे बहुधा हळू फिरणारे, कमी दाबाचे असतात. दाट जाळीसमोर ते टिकत नाहीत. १४० चे पंखे १२० च्या रेडिएटरवर निमुळत्या श्राउडने लावता येतात (त्यांच्या भोकांचं अंतर १२४.५ मिमी). पण दोन शेजारी लावले की २८० मिमी लागतात, म्हणून हे एकाच पंख्याच्या रेडिएटरला शोभतं. उलट, छोट्यावरून मोठ्याकडे जाताना फार सावध राहा. हवा ढकलणाऱ्या ८० मिमीच्या पंख्यापुढे १२० चं तोंड करायचं, तर भिंत दर बाजूला ७ अंशांपेक्षा जास्त उघडली की हवा भिंत सोडून मधूनच सरळ जाते. २० मिमी रुंदी त्या कोनात मिळवायला १६० मिमीहून लांब बोगदा लागतो. कोणत्याही कॅबिनेटमध्ये हे होणार नाही.

चाचणी करताना प्रोसेसरचं तापमान बघत बसू नका, ते क्षणोक्षणी हलतं. पंख्यांचा वेग १,२०० वर बांधून ठेवा, पंपाचाही बदलू नका, एकसारखा भार द्या आणि पाण्याचं तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास लागतो. रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान त्याच वेळी मोजा आणि दोन्हींतला फरक लिहून ठेवा. श्राउडआधी आणि नंतर हाच फरक ताडून बघायचा, नाहीतर दुपारचं वाचन रात्रीच्या वाचनाशी तोलून खोटाच आनंद होईल. फटी शोधायला उदबत्ती पुरते: पंखे मंद ठेवून धूर सांध्यांजवळून फिरवा. हवा ओढणाऱ्या मांडणीत धूर जिथे सांध्यात शिरतो तिथे फट. राख मात्र आत पडू देऊ नका. वेग वाढवल्यावर नवी थरथर ऐकू आली तर प्लेट कंप पावतेय, गॅस्केट एखाद्या ठिकाणी दबलेला नाही असं समजून तो कोपरा बघा.

धुळीचा विचार बनवतानाच करा. हवा ओढणाऱ्या मांडणीत धूळ जाळीच्या उघड्या बाजूला बसते, ब्रशने निघते, श्राउडला हातही लावावा लागत नाही. पुढे कधी पंखे हवा ढकलणाऱ्या बाजूला घेतलेत, तर धुळीचा थर श्राउडच्या आत, दृष्टीआड साचतो. त्या मांडणीसाठी टोकाची एक आखूड भिंत न चिकटवता नुसत्या टेपवर ठेवा, म्हणजे पंखे न सोडवता आत ब्रश घालता येईल. पारदर्शक ॲक्रिलिक घेण्याचं मला पटणारं एकमेव कारण हेच: थर किती साचला ते बाहेरून दिसतं.